दरपत्रकानंतरचे पत्र



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्या आपल्या सरांनी मला आठवीपासून अकरावीपर्यंत मराठी शिकविले. पुढे पस्तीस वर्षे मी तोच विषय महाविद्यालयात शिकविला आणि पेशवेकालीन पत्रांच्या भाषेवर प्रबंध लिहून पीएच.डी. मिळविली. त्यामुळे आज मी संतवाङ्मयावर किंवा एखाद्या कादंबरीकारावर बोलेन, अशी संयोजकांची अपेक्षा असणे स्वाभाविक होते. मी विषय लिहून पाठविला तेव्हा त्यांचा दूरध्वनी आला : 'बाई, शीर्षकात काही चूक तर झाली नाही ना?' चूक झाली नव्हती. दरपत्रक पाठविल्यानंतर गिऱ्हाइकाला जे दुसरे पत्र लिहावे लागते, त्याविषयीच मला बोलायचे आहे.

या सभागृहात बसलेल्या माजी विद्यार्थ्यांपैकी पुष्कळजण उद्यमबागेतून आले आहेत. कोणाची ओतशाळा आहे, कोणाचे मशिन शॉप, कोणी हायड्रॉलिकची कामे करतात. ही मंडळी कविता लिहीत नाहीत, पण पत्रे लिहितात; आणि त्यांतले सर्वांत अवघड पत्र त्यांना कोणी शिकविलेले नाही. आपल्या पाठ्यपुस्तकांत मागणीपत्र होते, तक्रारपत्र होते, विनंतीपत्र आणि अभिनंदनपत्रही होते. ज्याने भाव विचारला, ज्याला आपण भाव कळविला आणि जो नंतर गप्प बसला, त्याला काय लिहावे, हे मात्र कोणत्याही इयत्तेत नव्हते. तक्रार करण्याचा अधिकार नाही, कारण त्याने काही घेतलेलेच नाही. वसुलीचे पत्र लिहिता येत नाही, कारण तो काही देणे लागत नाही. विनवणी करावी तर माल हलका असल्याचा संशय येतो. अशा अडचणीच्या जागी उभे राहून हे पत्र लिहावे लागते.

समोरचा गप्प का असतो, हे आधी पाहू. आपल्याला वाटते, त्याने आपल्याला नाकारले. बहुतेक वेळा तसे नसते. आपल्या परिसरातले सर्वांच्या ओळखीचे उदाहरण साखर कारखान्याचे. गळीत हंगाम साधारणपणे ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. हंगाम संपला की यंत्रे उघडतात, झिजलेले भाग मोजले जातात आणि देखभाल-दुरुस्तीची खरेदी सुरू होते. खात्याकडून मागणी निघते, चीफ इंजिनिअर तिच्यावर सही करतात, खरेदी विभाग तीन-चार ठिकाणी भाव विचारतो. आलेल्या दरपत्रकांचा तुलनात्मक तक्ता तयार होतो. मग तो खरेदी समितीपुढे आणि रक्कम मोठी असेल तर संचालक मंडळापुढे जातो. समितीची बैठक लांबली की तक्ता फाइलीत पडून राहतो. आपण इकडे रोज पोस्टमनची वाट पाहत असतो आणि तिकडे आपल्याविषयी कोणाचे काही वाईट मत झालेले नसते.

या तक्त्याकडे जरा थांबून पाहण्यासारखे आहे. त्यात आडवी नावे असतात आणि उभे रकाने : दर, कर, पॅकिंग, वाहतूक कोणाकडे, माल किती दिवसांत, पैसे केव्हा, दराची मुदत कोणत्या तारखेपर्यंत. तो भरणारा खरेदी विभागातला कारकून असतो. आपल्या दरपत्रकात वाहतुकीचा उल्लेख नसेल तर त्या रकान्यात तो 'उल्लेख नाही' असे लिहितो. त्याच्या जागी मीही तेच लिहिले असते. समितीतल्या माणसाचे बोट दरांवरून खाली सरकत येते आणि 'उल्लेख नाही' या शब्दांवर अडखळून पुढच्या नावाकडे जाते. आपला दर कमी असूनही काम दुसऱ्याकडे जाण्याचे हे एक अगदी साधे कारण आहे. दरपत्रकानंतरच्या पत्राचा पहिला उपयोग असा रिकामा राहिलेला रकाना भरून देणे हा होय.

हे शहाणपण मला पुस्तकांतून आलेले नाही. ते कसे आले, ते सांगते. त्यात माझी चूक आहे आणि ती मी बरीच वर्षे कोणाला सांगितली नव्हती.

१९७४ सालची गोष्ट. माझ्या थोरल्या भावाची, दादाची, लहानशी ओतशाळा होती. क्युपोला भट्टी, सात-आठ माणसे आणि एक टाइपरायटर. मी नुकतीच एम.ए. झाले होते. दादाचा हात वाळूत आणि बिडात चाले, कागदावर चालत नसे. म्हणून संध्याकाळी त्याची पत्रे मी लिहीत असे. त्या वर्षी मे महिन्यात एका साखर कारखान्याला बॉयलरच्या भट्टीत लागणाऱ्या फायरबारचे दरपत्रक गेले होते. हे बिडाचे दांडे भट्टीच्या तळाशी असतात, आचेने जळतात, वाकतात आणि वरचेवर बदलावे लागतात. त्यांचा भाव वजनावर ठरतो. दरपत्रकावर दादाने 'दर ३० दिवसांसाठी' असे स्पष्ट लिहविले होते. जून संपत आला तरी उत्तर नव्हते. दादा म्हणाला, 'एक आठवण टाक त्यांना.' मी आठवण टाकली. पण मी मराठीची एम.ए.! दोन ओळींत कसे भागेल? मी चांगले पानभर पत्र लिहिले, आणि त्यात एक वाक्य घातले, जे मला फार आवडले होते : 'आमच्या दरपत्रकातील शब्द आम्ही अखेरपर्यंत पाळू, याची खात्री बाळगावी.'

ते महागाईचे वर्ष होते. दरपत्रक गेल्यापासून ते माझे पत्र जाईपर्यंत पिग आयर्न आणि कोक दोन्हींचे भाव चढले होते. दादाला ते ठाऊक होते, मला नव्हते. आणि घाईत त्याने पत्र न वाचताच सही केली. जुलैत ऑर्डर आली, सहा टनांची. तिच्या पहिल्याच ओळीत माझ्या पत्राचा दिनांक होता आणि दर मे महिन्याचा. हिशेब केला तेव्हा किलोमागे चाळीस पैशांचा फटका बसत होता. म्हणजे एकूण चोवीसशे रुपये. आमच्या त्या वेळच्या घराचे ते वर्षाहून अधिक काळाचे भाडे होते. मी म्हटले, 'ते वाक्य माझं होतं, तसं आपण कळवू या.' दादा म्हणाला, 'वाक्य तुझं असलं तरी लेटरहेड माझं आहे.' त्याने माल मे महिन्याच्या दराने दिला.

यात कायद्याचा भाग काय, तो मी नंतर समजून घेतला. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या सहाव्या कलमाप्रमाणे प्रस्तावात मुदत घातलेली असेल तर ती संपताच, आणि घातलेली नसेल तर वाजवी काळ लोटल्यावर, प्रस्ताव संपुष्टात येतो. म्हणजे दादाचे दरपत्रक जूनच्या मध्यावर मेलेले होते. माझ्या त्या लाडक्या वाक्याने ते पुन्हा जिवंत केले. त्याच कायद्याचे चौथे कलम आणखी सावध करणारे आहे. समोरच्याने आपले स्वीकृतीचे पत्र टपालात टाकले की प्रस्ताव देणारा बांधला जातो. ते त्याच्या हाती पडण्याची वाट कायदा पाहत नाही. उलट, आपला दर मागे घ्यायचा असेल तर ते समोरच्याला कळल्यावाचून मागे घेतला गेला असे होत नाही. तेव्हा दर बदलायचा असेल तर ते पत्र त्याच्या स्वीकृतीच्या आधी त्याच्यापर्यंत पोहोचले पाहिजे.

भाव सांगणे म्हणजे दर वेळी प्रस्ताव देणेच, असेही नाही. आपल्याच राज्यातल्या मडिकेरी येथील एका बंगल्याचा वाद १९५१ साली सर्वोच्च न्यायालयापुढे आला होता. मालकाने 'दहा हजारांपेक्षा कमी घेणार नाही' अशा आशयाची तार केली आणि घेणाऱ्याने 'दहा हजार कबूल' म्हटले. न्यायालयाने ठरविले की विक्री झालेली नाही. मालकाने फक्त कमीत कमी अपेक्षा सांगितली होती. तिथे मालक सुटला तो शब्दांमुळे आणि आम्ही अडकलो तेही शब्दांमुळेच. वकीलमंडळी यावर अधिक अधिकाराने बोलतील. मला यातला मराठीचा भाग तेवढा महत्त्वाचा वाटतो.

पुढे एका रविवारी दादा ती कार्बनप्रत घेऊन सरांकडे गेला, मीही बरोबर होते. सरांनी पत्र दोनदा वाचले आणि विचारले, 'यात त्यांना आधी ठाऊक नसलेलं काय आहे?' मी पाहू लागले. त्यांना दरपत्रक मिळाले आहे, हे त्यांना ठाऊक होते. आमची ओतशाळा बेळगावात आहे, हे ठाऊक होते. आम्हाला ऑर्डर हवी आहे, हे तर न सांगता कळते. पानभर पत्रात नवे असे एकच वाक्य होते, आणि ते बुडविणारे होते. सरांनी पेन्सिल माझ्या हातात दिली आणि म्हणाले, 'जे त्याला माहीत आहे ते खोड. उरेल ते पत्र.'

त्या दिवशी तिथे बसून आम्ही जे पत्र तयार केले, त्याच्या धर्तीवर दादा पुढे कायम लिहीत राहिला. नमुना म्हणून ते देते :

'आमचे दि. १२ मे रोजीचे फायरबारचे दरपत्रक आपणांस मिळाले असेल. त्यात वाहतुकीचा उल्लेख राहून गेला होता. कळविलेला दर आपल्या स्टोअरपर्यंत माल पोहोच करून देण्याचा आहे. या मापाचा पॅटर्न आमच्याकडे तयार असल्याने ऑर्डर मिळाल्यापासून तीन आठवड्यांत माल देता येईल. दराची मुदत ११ जून रोजी संपते. त्यानंतर कच्च्या मालाच्या भावाप्रमाणे दर नव्याने कळवू. यंदा खरेदी होणार नसेल, तर तसे एका ओळीत कळविले तरी आम्हाला पुरे आहे.'

पहिले वाक्य सोडले तर यातल्या प्रत्येक वाक्यात वाचणाऱ्याच्या कामाचे काही तरी आहे. पहिले वाक्यही निरुपयोगी नाही. पेशवेकालीन पत्रे वाचताना मला एक रीत सतत भेटली. उत्तर लिहिणारा आरंभी आपले पत्र पावले, त्यातला मजकूर कळला, असे नमूद करतो आणि मगच पुढे जातो. जासूद वाटेत अडकण्याच्या काळात ही नुसती औपचारिकता नव्हती. आपल्या दरपत्रकाला अशी पोच मिळत नाही. म्हणून पहिल्या आठवड्यातच ती विचारून घ्यावी, आणि जमल्यास कोणत्या टेबलावर दरपत्रक पोहोचले आहे तेही. कित्येक दरपत्रके आवक विभागातच विसावा घेत असतात.

आता थोडे शब्दांविषयी; माझा हक्काचा प्रांत आहे, तेव्हा येथे मी थोडी रेंगाळणार आहे. या पत्राला आपण 'स्मरणपत्र' म्हणतो. पण स्मरण करून देणे म्हणजे तुम्ही विसरलात, असे सुचविणे. समोरचा विसरलेला नसतो. त्याची समिती बसलेली नसते. शीर्षकात 'स्मरणपत्र क्रमांक २' असे लिहिणारे लोक मी पाहिले आहेत. ती सरकारी खात्याची भाषा आहे, गिऱ्हाइकाशी ती शोभत नाही. 'संदर्भ : आमचे दि. अमुकचे दरपत्रक' एवढे पुरते. दुसरा शब्द 'पाठपुरावा'. यातली पाठ दोन प्रकारची असू शकते : एखाद्याच्या पाठीशी उभे राहता येते आणि पाठीस लागताही येते. वाचणाऱ्याला यांतले कोणते वाटेल, हे पत्रातल्या क्रियापदांवर ठरते.

'त्वरित कळवावे' हे वाक्य घ्या. 'कळवावे' हे विध्यर्थी रूप मोठे विलक्षण आहे. वरच्याने खालच्याला लिहिले तर ती आज्ञा होते, खालच्याने वरच्याला लिहिले तर विनंती. जुन्या काळी मायना वाचताच कोण कोठे उभा आहे हे कळे, त्यामुळे घोटाळा होत नसे. आज मायना 'महोदय' एवढाच उरला आहे. त्यामुळे या 'कळवावे'च्या मागे 'त्वरित' लावले की विनंतीची आज्ञा होते. 'अद्याप आपले उत्तर नाही' या वाक्यात कर्ता दिसत नाही, पण आरोपी दिसतो. 'आम्ही आपल्या ऑर्डरची आतुरतेने वाट पाहत आहोत' यात कर्ता आपण, आणि गरजही आपली. वर दिलेला नमुना पुन्हा पाहिला तर लक्षात येईल की त्यात कर्त्याच्या जागी दर आहे, पॅटर्न आहे, मुदत आहे. माणसे बाजूला ठेवून वस्तूंना बोलू दिले की पत्रातला रुसवा आणि लाचारी दोन्ही गळून पडतात.

शेवटचे वाक्य, नकाराची मोकळीक देणारे, दादाला प्रथम पटले नव्हते. 'आपणच नाही म्हणायला शिकवायचं?' असा त्याचा सवाल होता. पण ज्याला नाही म्हणायला संकोच वाटतो तो गप्प बसतो, आणि गप्प बसलेला माणूस ओतशाळेला महाग पडतो. त्याच्यासाठी पॅटर्न राखून ठेवायचा, कच्चा माल भरायचा की नाही हे ठरत नाही, दुसऱ्याचे काम घ्यावे की थांबावे हेही कळत नाही. स्वच्छ नकार मिळाला तर निदान भट्टी कोणासाठी पेटवायची ते ठरते.

पत्र केव्हा लिहावे, याचे उत्तर आपल्या कॅलेंडरात नसते, त्याच्या कॅलेंडरात असते. पोच विचारून झाल्यावर दुसरे पत्र दराची मुदत संपण्याच्या सात-आठ दिवस आधी जावे, म्हणजे समितीला ते वापरता येते. मुदत उलटल्यानंतर जाणारे पत्र निराळेच असते. त्यात 'दर कायम आहे' किंवा 'दर कायम नाही' यांपैकी एक स्पष्ट लिहिले पाहिजे. मधले, गोड, संदिग्ध काही लिहू नये. ते किती महाग पडते, ते मी सांगितले आहेच. गळीत सुरू झाल्यावर फायरबारचे पत्र पाठविणे व्यर्थ. त्या काळात बंद पडलेल्या यंत्राखेरीज कोणाचेच पत्र कोणी वाचत नाही.

एक पथ्य मात्र कडक पाळावे. दरपत्रके मोहोरबंद मागविलेली असतील तर ती उघडल्यानंतर दराविषयी स्वतः होऊन एक अक्षरही लिहू नये. खुलासा मागितला तर तेवढाच, लेखी द्यावा. तिथे 'आणखी दोन टक्के कमी करू' असे मागाहून कळविणारा माणूस काम मिळवीलही, पण समितीतल्या प्रामाणिक माणसाला अडचणीत टाकतो. आणि ज्यांना मराठी वाचता येत नाही अशा हुबळी-धारवाडच्या गिऱ्हाइकाला पत्र कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत लिहावे, हे मी मराठीची प्राध्यापक असूनही सांगते. पत्र वाचणाऱ्यासाठी असते.

दादा २०११ साली गेला. त्याची ओतशाळा आता माझा भाचा चालवितो. क्युपोला जाऊन इंडक्शन भट्टी आली, टाइपरायटर माळ्यावर गेला. तारसेवा २०१३ साली बंद झाली आणि २०२५ साली रजिस्टर्ड पोस्टही स्पीड पोस्टमध्ये विलीन झाले. आता दरपत्रक व्हॉट्सॲपवर जाते. दोन निळ्या खुणा दिसतात, म्हणजे पोच तर मिळते. पण त्या खुणांनी मौन अधिकच बोचरे केले आहे. पूर्वी निदान पत्र वाटेत गहाळ झाले असेल, असे मनाशी म्हणता येत असे. मजकूर हलका झाला तरी जबाबदारी हलकी झालेली नाही. करार इलेक्ट्रॉनिक मार्गाने झाला, एवढ्याच कारणाने तो निष्फळ ठरत नाही, असे माहिती तंत्रज्ञान कायद्याचे १०-अ हे कलम सांगते. 'रेट तोच, काळजी नको' असे घाईत पाठविलेले चार शब्द माझ्या १९७४ च्या वाक्याइतकेच महाग पडू शकतात.

गेल्या मे महिन्यात भाचा माझ्याकडे आला, जरा वैतागलेलाच होता. एका कारखान्याला दर पाठवून तीन आठवडे झाले होते आणि उत्तर नव्हते. मी त्याचा फोन मागून घेतला. दरपत्रकाखाली त्याचे चार निरोप होते : 'सर, काही अपडेट?', 'सर, अपडेट?', 'सर?' आणि शेवटी नुसते जोडलेले हात. मी त्याला सरांचा प्रश्न विचारला : यात त्यांना ठाऊक नसलेले काय आहे? तो हसला. मग आम्ही दोघांनी मिळून पाच ओळी लिहिल्या. जीएसटी दराच्या वर लागेल, माल कारखान्यात पोहोच मिळेल, पॅटर्न तयार आहे, मुदत अमुक तारखेपर्यंत, आणि काम यंदा होणार नसेल तर तसे कळवावे. 'त्वरित' त्याने लिहिले होते, ते मी काढून टाकले.

उत्तर त्याच संध्याकाळी आले. भट्टीचा तळ बदलायचे ठरले होते. फायरबारची लांबी वाढणार होती, नवे ड्रॉइंग तयार होत होते आणि जुन्या दरपत्रकांपैकी एकाचाही आता उपयोग नव्हता. चीफ इंजिनिअरांनी सोबत ड्रॉइंगचा कच्चा फोटो पाठविला होता आणि नवा दर मागितला होता. म्हणजे पॅटर्नही नवाच करावा लागणार होता. भाचा माझ्याच जेवणाच्या टेबलावर हिशेबाला बसला. दर त्याने भरला, कर भरला, वाहतूक भरली आणि कागद माझ्याकडे सरकवीत म्हणाला, 'आत्या, मुदत तू सांग.' मी त्याला आधी आजचा पिग आयर्नचा भाव विचारायला लावला.